मोजणीची गाडी

"म्हणजे रस्ता अजून सापडला नाही?"

बाईंनी विचारलं. हातात अर्धा कप चहा. किडनीच्या माणसाला पाणी जपून प्यावं लागतं, म्हणून तेवढाच चहा त्या फार वेळ पुरवतात.

"सापडलाय, बाई," अभिराम म्हणाला. "पण तोच सगळ्यात चांगला आहे, हे सिद्ध व्हायचंय."

"कोण सिद्ध करतंय?"

"मशीन. दिवसरात्र चालू आहे."

"हं..."

बाई म्हणजे अनसूया वाळिंबे. इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी आयुष्यभर अल्गोरिदम, म्हणजे मशीनला गणित सोडवायला लावायच्या रीती, शिकवल्या. मी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच खात्यात शिकवायला, आणि आता दोघी निवृत्त झाल्यावर त्यांच्याच घरात. दोन म्हाताऱ्या, एक मांजर आणि भांडायला भरपूर विषय.

अभिराम देवकुळे आमचा दोघींचा विद्यार्थी. मला तो मंदाताई म्हणतो आणि माझं ऐकत नाही. बाईंचं ऐकतो, असा निदान त्याचा समज आहे.

गाड्यांनी कुठून कसं फिरावं, म्हणजे कमीत कमी अंतरात सगळ्यांच्या दारी जाऊन होईल, हा त्याचा विषय. वाटतो सोपा. पण अगदी उत्तम उत्तर काढायला गेलं की भल्याभल्यांची मशीनं गुडघे टेकतात. म्हणून शहाणी माणसं हमी शोधतात. उत्तर उत्तम नसेल, पण उत्तमाच्या दीडपटीहून वाईट नक्की नसेल, अशी. तसलीच एक हमी अभिरामने केसभर सुधारली आणि जगभर व्याख्यानं देत हिंडला.

देवाने बुद्धी दिली, पण सोबत घाई द्यायला विसरला.

बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. दवाखाना तालुक्याच्या गावी. आमचं घर घाटाच्या पायथ्याशी, दवाखान्यापासून सगळ्यात जवळ. वर घाटात वाड्या आहेत, तिथेही आमच्यासारखीच माणसं. काही वडापने येतात. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि वाटेत दूध, पिठाचे डबे, कोंबड्या सगळं घेते. डायलिसिसची पाळी चुकली की अंग सुजतं, दम लागतो. सलग चुकली तर... असो.

एका ट्रस्टने दवाखान्याला दोन गाड्या दिल्या. पेशंटना घरून आणायचं, घरी सोडायचं. रस्ते आखून द्यायचं काम अभिरामने आपण होऊन मागून घेतलं. ट्रस्टवाले खूश. एवढा मोठा माणूस, फुकटात. साहेबांनी रस्ता दिला की गाड्या सुरू, असं त्यांनी ठरवून टाकलं.

साहेबांनी रस्ता दिला नाही.

"दीडपटीच्या आत तर पहिल्याच दिवशी आलो होतो," अभिराम म्हणाला. "आता एखाद-दोन टक्क्यांचा प्रश्न उरलाय."

"मग घोडं अडलं कुठे?" मी विचारलं.

"मंदाताई, हे बाईंसाठी आहे. माझी गुरुदक्षिणा." त्याचा आवाज जरा भरून आला. "गुरूला काय 'साधारण बरं' द्यायचं?"

हे तो मनापासून बोलत होता, म्हणूनच मला जास्त राग आला.

बाईंनी कप खाली ठेवला. "दाखव बघू."

त्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर दोन रेघा. वरची रेघ म्हणजे हातात असलेला रस्ता, त्याची लांबी. खालची म्हणजे हद्द. याहून कमी लांबीचा रस्ता असूच शकत नाही, एवढं तोवर मशीनला पटलेलं. दोन्ही रेघा भेटल्या की उत्तर उत्तम ठरलं.

दोन्ही रेघांमध्ये पुसटशी फट होती.

"वरची रेघ शेवटची कधी हलली?" बाईंनी विचारलं.

त्याने लॅपटॉप जरा आपल्याकडे ओढला.

"अभिराम..."

"गणपतीच्या आधी."

आणि आता दिवाळीही होऊन गेली होती, अंगणातला आकाशकंदील तेवढा उतरवायचा राहिला होता.

"म्हणजे तेव्हापासून हातातला रस्ता तोच आहे?"

"तोच आहे. पण खालची रेघ वर येतेय, बाई. हळूहळू येतेय."

"म्हणजे रस्ता सुधारत नाहीये."

"नाही..."

"रस्त्याला दाखला मिळायचाय फक्त."



"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले. आयतं तोंडात आलं, सोडते कशाला!

"असं नाही, ताई." तो चिडला. "एकदा वेळापत्रक लागलं, डायलिसिसच्या पाळ्या ठरल्या, की पुन्हा कोणी बदलत नाही. चूक राहिली तर ती कायमची राहील. आणि ती चूक बाई दर आठवड्याला सोसतील. मला नाही चालणार."

तसा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून मी उठून मांजराला बाहेर काढलं.

बाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी तुम्हाला झाड शिकवलं होतं. आठवतंय?"

"बाई, ते तर पोरंसुद्धा..."

"सांग."

त्याने सांगितलं. शाळेत कविता म्हणावी तसं, मान खाली घालून.

"सगळी गावं जोडणारं सगळ्यात कमी लांबीचं जाळं काढायचं. ते झाड. उत्तम फेरी कुठलीही असू दे, तिच्यातला एक तुकडा काढला की उरतं तेही एक झाडच. म्हणून उत्तम फेरी आपल्या झाडाहून लहान असूच शकत नाही. मग झाडाच्या प्रत्येक फांदीने जायचं आणि त्याच फांदीने परत यायचं. झाड दोनदा चालून झालं. एकदा बघितलेलं गाव पुन्हा लागलं तर न थांबता पुढे जायचं. फेरी उत्तमाच्या दुपटीहून जास्त कधीच होत नाही."

"यात उत्तम फेरी तू कुठे बघितलीस?"

"बघितलीच नाही."

"न बघता कळलं, की आपण तिच्यापासून फार लांब नाही."

"हो."

"मला हे पहिल्यांदा कळलं ना, तेव्हा मी लायब्ररीत बसून रडले होते." बाई हसल्या. "केवढी कृपा आहे असं वाटलं. जे कधी दिसणार नाही, त्याच्या जवळ आहोत एवढं आपल्याला कळू दिलंय... तू रडलास?"

"नाही, बाई. मी दुपटीचं दीडपट कसं करता येईल ते बघत बसलो."

"हुशार होतास."

बाहेर हॉर्न वाजला.

अंगणाच्या कडेला पांढरीशुभ्र गाडी उभी होती. ट्रस्टची. चालवायला यासीनभाई मुल्ला. घाटातला रस्ता मध्ये दुरुस्त झाला, म्हणून वरच्या वाड्यांची अंतरं आणि वेळा अभिरामला पुन्हा मोजायच्या होत्या. तो असाच यायचा. गाडी मोकळी घेऊन वरपर्यंत जायचा, प्रत्येक फाट्यावर वेळ टिपायचा आणि खाली यायचा.

"निघतो, बाई. आजची मोजणी झाली की मशीनला नवे आकडे देतो. मग फार दिवस नाही लागणार."

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. काठी घेतली. त्यांचा डायलिसिसचा वार होता, आम्ही वडापचीच वाट बघत होतो. मला वाटलं फाट्यावर निघाल्या.

त्या गाडीकडे गेल्या, सरकतं दार ओढलं आणि आत जाऊन बसल्या.

अभिराम धावला. "बाई! ही मोजणीची गाडी आहे."

"मग मोज की. मी कुठे अडवलंय?"

"मी आधी वर जाणार, शेवटच्या वाडीपर्यंत. खाली यायला वेळ लागेल. तुम्ही घरीच थांबा, येताना घेतो."

"मला वरचा रस्ता बघायचाय. इतके दिवस नुसता ऐकतेय."

यासीनभाईने आरशातून अभिरामकडे बघितलं. हसू दाबायला त्याला बरेच कष्ट पडत होते. मीही माझी पिशवी घेऊन चढले. कोण म्हणतं म्हाताऱ्यांना आग्रह लागतो?

घाटातल्या पहिल्या फाट्यावर एक मावशी दगडावर बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, हाताला पट्टी, मांडीवर दवाखान्याची पिशवी. गाडी जवळ आली तरी त्यांनी हात केला नाही. उलट तोंड फिरवलं.

"थांबव, यासीन," बाई म्हणाल्या. काच खाली करून त्यांनी हाक मारली, "अहो... डायलिसिसला ना?"

"व्हय."

"मग चला की. आम्हीपण तिकडेच."

त्या उठल्या, पण गाडीला हात लावेनात. "ह्या गाडीत?"

"का? काय झालं?"

"न्हाई... ही गाडी रोज बगतो आमी. मोकळीच वर जाती, मोकळीच खाली येती. पांढरीफटक. आमी म्हटलं, मेल्याव न्ह्यायची असंल." त्यांनी अभिरामकडे बघून जीभ चावली. "मग हात कोण करनार वं?"

यासीनभाईने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला हसू आलं, ते अर्ध्यातच राहिलं.

अभिराम पुढच्या सीटवर बसला होता. त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उघडाच होता.

"जित्यांची आहे," बाई म्हणाल्या. "या, बसा माझ्याजवळ."

त्या हौसाबाई ढेबे. बसल्या, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर सीटवरून हात फिरवला. मऊ आहे का ते बघितलं. मग पुढे वाकून अभिरामच्या गालांवरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली.

"लेकरानं गाडी आनली. देव तुला काय कमी करनार न्हाई."

अभिरामने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्याने लॅपटॉप मिटला.

पुढच्या फाट्याला दोघं नवरा-बायको. त्याच्या पुढे एक तरणा पोरगा, त्याची आई सोबत. कोणाला हाक मारून बोलवावं लागलं, कोणी हौसाबाईंना आत बघून धावत आलं. आता काच खाली करून ओरडायचं काम अभिराम स्वतःच करत होता. "डायलिसिस का? या, या!" आवाज लागत नव्हता त्याचा, पण हेटाळणी करायची माझी इच्छा नाही.

माणसं चढत गेली तशी मी मागे सरकत गेले आणि शेवटी स्टेपनीवर जाऊन बसले. या वयात स्टेपनी! पण स्टेपनी एकच होती.

शेवटच्या वाडीला शेलार मास्तर उभे होते. नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मागची पाळी चुकली होती त्यांची, वडाप आलीच नव्हती म्हणून.

यासीनभाईने मागे वळून बघितलं. जागा नव्हती.

मास्तरांना ते दारातूनच दिसलं. "असू द्या, असू द्या," ते घाईघाईने म्हणाले. "मी वडापनं येतो. तुम्ही चला पुढं, उशीर नको."

पोराची आई उठायला लागली, पोराने तिचा हात धरला. सोबतीशिवाय त्यालाही जमणारं नव्हतं.

मी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीतून बाहेर डोंगर बघत होत्या.

अभिरामने दार उघडलं आणि खाली उतरला.

"या, मास्तर. इथे पुढे बसा. पाय लांब करता येतील."

"आणि तुम्ही?"

"मी वडापने येतो."

त्याने मास्तरांना धरून बसवलं. पट्टा लावून दिला. लॅपटॉपची बॅग सीटखाली राहिली होती, ती यासीनभाईने पुढे केली.

"राहू दे," अभिराम म्हणाला. "तिला सीट लागत नाही."

गाडी वळली. मागच्या काचेतून मला तो दिसत होता. रस्त्याच्या कडेला, थंडीत, शेलार मास्तरांच्या नातवाशेजारी उभा. हात बाईंसाठी जोडलेले होते, की गाडी निघाली म्हणून, कोण जाणे.

दवाखान्यात त्या दिवशी वरच्या सगळ्यांच्या पाळ्या वेळेवर लागल्या. नर्स दोनदा विचारून गेली, आज काय विशेष आहे म्हणून.

अभिराम आला तेव्हा दुपार कलली होती. शर्टाला पीठ, केसांत धूळ. वडापमध्ये त्याच्या मांडीवर कोणाचा तरी पिठाचा डबा होता आणि पायाशी कोंबडी. आल्या आल्या तो आधी शेलार मास्तरांच्या पलंगाशी गेला. मास्तरांनी त्याचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मग तो बाईंजवळ आला. बाईंच्या हाताला नळ्या लावलेल्या, मशीन सुरू. एरवी दमून त्यांचे डोळे मिटलेले असतात. आज उघडे होते.

त्याने पायांवर डोकं ठेवलं. उठेचना. मी खुर्ची पुढे सरकवली, तरी उठेना.

"बाई, तिथे उभा होतो ना... समोरून एक टेम्पो गेला, मोकळा. मी हात केला, तो थांबला नाही." त्याने डोळे पुसले. "मी इतके दिवस..."

"वडाप किती वेळाने आली?" बाईंनी विचारलं.

"मोजलं नाही."

बाई हसल्या. त्यांनी मोकळा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पीठ झटकलं.

"आज मला वडापने यावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या सगळ्यांची तोंडं बघितली. इतके दिवस एकाच खोलीत झोपतो, पण कोण कुठून येतं ते मला माहीत नव्हतं. तुझ्यामुळे झालं, अभिराम. फार बरं वाटलं रे मला. फार."

त्यावर तो पुन्हा रडायला लागला. नर्सने पडदा ओढून घेतला, शहाणी पोरगी.

थोड्या वेळाने तो सावरला. फोन काढला.

"ट्रस्टला कळवलंय. परवापासून दोन्ही गाड्या सुरू. हातात आहे तोच रस्ता. आणि ते रस्ता शोधणारं मशीन बंद करायला सांगितलंय."

"चालू दे की," बाई म्हणाल्या. "त्याला काय दम लागतोय? गाड्या मात्र थांबवू नकोस."

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

मग लगबगीने उठला. कामाला लागला की त्याच्या अंगात वारं शिरतं. "आता तुम्हाला सोडायचं बघतो. यासीनभाईला मी सांगितलंय, गाडी मुक्कामाला दवाखान्यातच परत आणायची. मी इथे थांबतो, म्हणजे सगळ्यांना जागा होईल. तुमचं घर वाटेत पहिलंच लागतं. तुम्हाला आणि मंदाताईंना पहिलं उतरवतील. दमला असाल."

"नको."

"काय नको?"

"मला शेवटी सोडा."

"बाई..."

"हौसाबाईंचं घर बघायचंय मला. मास्तर पायरी चढून आत गेलेले बघायचेत. सगळी आपापल्या घरी गेली की मग मी जाईन."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. माझा काय उपयोग, मी स्टेपनीवरची.

"अहो, पण बाई," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "पहिलं घर तुमचंच लागतं. ते ओलांडून वरपर्यंत जायचं, आणि मग पुन्हा फक्त तुमच्यासाठी..."

तो मध्येच थांबला.

बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"जाताना पहिलं लागतं रे... येताना तेच शेवटचं लागतं."